आधी चाक, मग मोटर

रोबोकॉनच्या टीममध्ये वर्षातलं पहिलं भांडण मोटरवरून होतं. नियमपुस्तिका येते, मुलं ती एका रात्रीत वाचून काढतात आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणतं, "दादा, यंदा मॅक्सनच्या मोटरा घेऊ या." दुसरा म्हणतो, कपाटात गेल्या वर्षीच्या पडल्यात, त्याच लावू. तिसरा मोबाइल पुढे करतो: तीस किलो-सेंटिमीटर, पाचशे आरपीएम, दोन दिवसांत घरपोच. रोबोटचं वजन किती भरेल, चाक केवढं लावणार, मैदानात सलग किती मीटर पळायचंय, यातलं काहीही तोवर ठरलेलं नसतं. आधी विद्यार्थी म्हणून आणि पुढे टीमला शिकवणारा म्हणून मी हे भांडण वर्षानुवर्षं ऐकत आलोय. पोटापाण्यासाठी पुण्यात गिअरबॉक्स बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी करतो. संध्याकाळी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसणं हे व्यसन.

ज्यांना ही स्पर्धा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियननं २००२ मध्ये टोकियोला ती सुरू केली. आपल्याकडे दूरदर्शननं ती उचलली आणि बरीच वर्षं राष्ट्रीय फेरी पुण्यात, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात व्हायची. यजमान देश दरवर्षी नवा खेळ ठरवतो. २००८ ला यजमानपद पुण्याकडे होतं तेव्हा खेळ होता गोविंदाचा, म्हणजे आपली दहीहंडी. २०१४ ला पुन्हा पुणे, तेव्हा आई-बाप रोबोटनं बाळ रोबोटला सी-सॉ आणि झोपाळ्यावर बसवायचं होतं. २०१५ ला इंडोनेशियानं चक्क बॅडमिंटन खेळायला लावलं. २०२२ ला दिल्लीनं लगोरी ठेवली. खेळ बदलला की पळण्याची तऱ्हाही बदलते. बॅडमिंटनला दोन-तीन मीटरचे झटके, तेही कुठल्याही दिशेला. दुसऱ्या एखाद्या खेळात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला लांब धाव. त्यामुळे "गेल्या वर्षी चालली" हे मोटरच्या बाबतीत कारण होऊ शकत नाही. तरी दरवर्षी ते दिलं जातं.

मोटर आणि गिअरशी माझी ओळख रोबोकॉनच्या आधीची. माझं लहानपण नेपानगरचं. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातलं हे गाव खंडवा-भुसावळ मार्गावर आहे. तिथल्या कागद मिलच्या कॉलनीत खानदेशातून आलेली मराठी घरं बरीच. शाळेत हिंदी, घरी मराठी. रेल्वेमार्ग हीच आमची करमणूक. भुसावळला इंजिनांच्या शेडमध्ये कामाला असलेले एक मामा सुट्टीत यायचे. गिअर म्हणजे काय हे मला कुठल्याही प्राध्यापकाच्या आधी त्यांनी शिकवलं. मालगाडी ओढणारं डब्ल्यूएजी-९ आणि एक्स्प्रेस ओढणारं डब्ल्यूएपी-७ ही जवळजवळ सख्खी भावंडं. मोटर तीच, प्रत्येक आसावर एक, एकेक साडेआठशे किलोवॅटची. चाकाचा व्यासही तोच. बदलले आहेत ते दात. मालगाडीच्या इंजिनात मोठ्या गिअरला ७७ दात आणि छोट्याला १५. एक्स्प्रेसच्या इंजिनात ७२ आणि २०. मामांनी हे सांगून मला भागाकार करायला बसवलं होतं.

तो भागाकार मी आजही प्रत्येक नव्या टीमकडून करून घेतो. ७७ भागिले १५ म्हणजे ५.१३. ७२ भागिले २० म्हणजे ३.६. पहिलं दुसऱ्याच्या १.४ पट. आता जोर बघा: मालगाडीचं इंजिन सुटताना ४५८ किलोन्यूटननं ओढतं, एक्स्प्रेसचं सुमारे ३२३ नं. पुन्हा १.४ पट. आणि कमाल वेग? एकाचा ताशी १०० किलोमीटर, दुसऱ्याचा १४०. उलट्या बाजूनं तेच १.४. जोरात जेवढं मिळवलं तेवढंच वेगात गेलं. गिअरबॉक्स एक वॉटसुद्धा जन्माला घालत नाही, उलट घर्षणात थोडे खातो. हे ऐकून सगळे मान डोलावतात आणि पंधरा मिनिटांनी कुणीतरी विचारतंच, "दादा, मोटर तीच ठेवून गिअर बदलला तर वेगही वाढेल आणि ताकदही, असं काही जमेल का?"

तर, हिशेब चाकापासून सुरू करायचा. मोटरपासून नाही. माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते पटवण्यात माझ्या बऱ्याच संध्याकाळी गेल्या आहेत. समजा रोबोट चोवीस किलोचा होणार. चार चाकं, म्हणजे एकेका चाकावर सहा किलो. रबर आणि रंगवलेलं प्लायवूड यांच्यातली पकड साधारण ०.६ धरू. म्हणजे एक चाक जमिनीला फार तर ३.६ किलोच्या जोरानं ढकलू शकतं. त्यापुढे ते घसरणार, मग मोटर कितीही दणकट असो. चाक शंभर मिलिमीटरचं, त्रिज्या पाच सेंटिमीटर. ३.६ गुणिले ५, झाले १८ किलो-सेंटिमीटर. चाकाच्या आसावर याहून जास्त टॉर्क दिला तर तो फक्त चाक जागच्या जागी फिरवायला खर्च होतो. आता वेग. शंभर मिलिमीटरचं चाक एका फेऱ्यात ३१ सेंटिमीटर जातं. चारशे आरपीएमला सेकंदाला दोन मीटरच्या किंचित वर. हे दोन आकडे, १८ आणि ४००, कागदावर आले की मग बाजारात जायचं.

बाजारातल्या आकड्यांचं वेगळंच. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मोटर हातात घेतली की लेबलवर एक टॉर्क आणि एक आरपीएम छापलेला असतो. हे दोन्ही एकाच वेळी मिळतात असं वाचणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात तो टॉर्क बहुतेक वेळा मोटर पूर्ण अडकली असतानाचा असतो, आणि तो आरपीएम मोटर मोकळी फिरत असतानाचा. अडकलेली मोटर फिरत नाही आणि मोकळी मोटर काही ओढत नाही. दोन्ही टोकांना बाहेर मिळणारी शक्ती शून्य. ब्रश असलेल्या साध्या डीसी मोटरचा टॉर्क वेग वाढेल तसा सरळ रेषेत उतरत जातो. त्यामुळे जास्तीत जास्त शक्ती मिळते ती निम्म्या वेगाला, निम्म्या टॉर्कवर. म्हणजे लेबलवरच्या दोन आकड्यांचा गुणाकार केला तर हातात येतो त्याचा चौथा भाग. आणि त्या बिंदूवरही मोटर फार वेळ ठेवायची नसते, कारण निम्म्याहून जास्त वीज उष्णतेत जाते. मोटर आनंदात असते ती मोकळ्या वेगाच्या ऐंशी-पंचाऐंशी टक्क्यांवर. मुलांना मी मल्टिमीटर देतो आणि म्हणतो, लेबल खरवडून टाका, मोटर आपण मोजू.

एका कॉलेजच्या टीमनं खूप जास्त वेगाचा गिअर लावला होता. दिसायला रोबोट सुरेख. सुटला की मोटरचा आवाज खोल जायचा, बॅटरीचा व्होल्टेज पडायचा, कंट्रोलर रीसेट व्हायचा आणि रोबोट मैदानाच्या मध्यावर उभा. त्यांनी कोड तपासला, वायरिंग बदललं, नवा मोटर ड्रायव्हर घेतला. तीन आठवडे गेले. दोष ना कोडमध्ये होता ना ड्रायव्हरमध्ये. सुटताना प्रत्येक मोटर जवळजवळ अडकल्यासारखीच होती, आणि अडकलेली मोटर जेवढा करंट ओढते तेवढा चार मोटरांनी एकदम ओढल्यावर बॅटरी काय करणार? मी फक्त स्प्रॉकेट बदलायला सांगितलं. चेनमधला छोटा स्प्रॉकेट आणखी कमी दातांचा केला. रोबोटचा कमाल वेग कमी झाला आणि मैदान पार करायचा वेळही कमी झाला. हे विचित्र वाटतं, म्हणून हिशेब सांगतो.

तीन मीटर जायचंय आणि टोकाला थांबायचंय. पकड पुरेपूर वापरली तर सेकंदाला सहा मीटर प्रतिसेकंद या दरानं वेग वाढतो आणि तेवढ्याच दरानं ब्रेक लागतो. कमाल वेग २.१ मीटर असलेला रोबोट तीन मीटरला सुमारे १.८ सेकंद घेतो. आता गिअर बदलून कमाल वेग दुप्पट केला, म्हणजे जोर निम्मा. वेग वाढण्याचा दर तीन. हा रोबोट ४.२ पर्यंत पोचतच नाही, साडेतीनच्या आसपास असतानाच ब्रेक लावावा लागतो. वेळ लागतो १.७ सेकंद. वेग दुप्पट करून सेकंदाचा एक दशांशही हाती आला नाही. तेही जोर शेवटपर्यंत तेवढाच राहील असं धरून, प्रत्यक्षात तो वेगाबरोबर उतरतो. वरून तापलेली मोटर, दमलेली बॅटरी आणि हातात न बसणारा रोबोट. दहा मीटरची धाव असती तर उत्तर निराळं आलं असतं. म्हणून तर नियमपुस्तिकेतला मैदानाचा नकाशा आधी पट्टीनं मोजायचा.

आमच्याकडे मोटर आणि दात यांचं वेड घरातूनच आलं. नेपा मिल ही देशातली पहिली न्यूजप्रिंटची मिल. २६ एप्रिल १९५६ ला पंडित नेहरूंनी ती देशाला अर्पण केली. जंगलातली सलई आणि बांबू, तापीचं पाणी आणि त्यातून वर्तमानपत्राचा कागद. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मिलमध्ये मेंटेनन्सला होते. कागदाचं मशीन म्हणजे एकामागे एक विभाग: ओला लगदा पसरणारी जाळी, पाणी पिळून काढणारे प्रेस, मग वाफेवर तापलेल्या ड्रायरच्या सिलिंडरांची रांग, शेवटी गुंडाळणारी रीळ. कागद यातून अखंड पट्टा होऊन जातो, आणि पुढचा प्रत्येक विभाग मागच्यापेक्षा अगदी किंचित जास्त वेगानं चालावा लागतो. किंचित कमी पडला तर कागद झोळ खातो, किंचित जास्त झाला तर फाटतो. कागद फाटला की सगळी पाळी धावायची. अण्णा जेवताना सांगायचे: आज दुसऱ्या प्रेसनं छळलं. मोटरांना ताकद असून भागत नाही, त्यांना एकमेकींचं ऐकावं लागतं, हे मी तिथं ऐकलं.

रोबोटमध्ये ते ऐकणं जास्तच अवघड. चारही कोपऱ्यांना मेकॅनम चाकं लावली की रोबोट तोंड न वळवता आडवा, तिरपा कसाही सरकतो. पण मग दिशा ठरते चार मोटरांच्या वेगांच्या बेरीज-वजाबाकीतून. एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून आणलेल्या चार मोटरा घेतल्या तरी एकीसारखी दुसरी नसते. एक थोडी मंद निघाली की रोबोट आडवा जाताजाता गोल फिरतो. प्रत्येक चाकाला एन्कोडर लावून वेग मोजत राहणं हा उपाय सगळ्यांना माहीत आहे. पण मोटर आधीच तिच्या शेवटच्या ताकदीवर चालत असेल तर कोड तिला आणखी जोर कुठून आणून देणार? म्हणून मी मोटर निवडताना हिशेबापेक्षा निदान एक-तृतीयांश शिल्लक ठेवतो. ही शिल्लक वेगासाठी नाही, आज्ञापालनासाठी.

गरिबीतल्या टीम वायपरच्या मोटरवर शिकतात. आम्हीही जुन्या बाजारातून, भंगारातल्या गाड्यांच्या, बुधवारी आणि रविवारी जाऊन आणायचो. ती मोटर स्वस्त, दणकट, आणि तिच्यात वर्म गिअर असतो. वर्मची गंमत अशी की मोटर चाकाला फिरवते पण चाक मोटरला फिरवू शकत नाही. वजन उचलणाऱ्या हातासाठी हा गुण सोन्यासारखा, वीज गेली तरी हात खाली पडत नाही. पळण्यासाठी तोच अवगुण. वीज तोडली की चाकं तिथल्या तिथं घट्ट होतात, उंच रोबोट पुढे झुकतो आणि सगळा धक्का त्या दातांवर येतो. शिवाय वर्ममध्ये दात एकमेकांवर घासत सरकतात, त्यामुळे बरीच शक्ती तिथंच गरम होऊन जाते. एवढं असूनही मी पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हातात वायपर मोटरच देतो. महागडी मोटर देऊन सुरुवात केली की मुलं तिला घाबरतात, आणि घाबरलेला मुलगा मोजमाप करत नाही.

मोटर आणि गिअर उत्तम निवडूनही रोबोट हरतो, आणि बहुतेक वेळा तो हरतो एका ग्रब स्क्रूमुळे. शाफ्टवर हब बसवला, ग्रब स्क्रू आवळला, काम झालं असं वाटतं. मग चाक पुढे-मागे, पुढे-मागे झटके देतं, स्क्रू कणाकणानं ढिला होतो आणि ऐन सामन्यात मोटर फिरते, चाक उभं. शाफ्टला सपाट बाजू काढा, नाहीतर की-वे कापा. दुसरं, चाक थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर टांगू नका. गिअरबॉक्सच्या तोंडचं ते इवलंसं बेअरिंग रोबोटचं वजन पेलण्यासाठी नसतं. चाकाला स्वतःचा आस आणि दोन्ही बाजूंना बेअरिंग द्या, मोटरकडून फक्त फिरकी घ्या. वजन वाढतं म्हणून मुलं कुरकुरतात. मग प्लॅनेटरी गिअरबॉक्समधल्या पिना वाकतात आणि मुलं गप्प होतात.

नेपानगरला आमच्या ओळीत एक निवृत्त टर्नर राहायचे. दिवाळीत गावी गेलो की टीमचे हब त्यांच्याकडून लेथवर करून घ्यायचो, हात इतका साफ की व्हर्नियर लावायची लाज वाटावी. ड्रॉइंग बघून त्यांनी विचारलं होतं, "हे रोज किती तास चालणार?" सामना तीन मिनिटांचा असतो म्हटल्यावर ते हसत सुटले. त्यांनी जन्मभर वर्षानुवर्षं अखंड चालणाऱ्या गिअरबॉक्सांची शुश्रूषा केली होती. पण मग गंभीर होऊन म्हणाले, "आणि सराव?" तो प्रश्न अचूक होता. तीन मिनिटांसाठी मोटरवर तिच्या पाटीपेक्षा बराच जास्त भार टाकता येतो, तांबं तापायला वेळ लागतो. पण सामन्याआधी तीन महिने रोबोट रात्रभर पळत असतो. गिअरबॉक्स मरतात ते सरावात. तेव्हापासून हिशेबाच्या कागदावर मी दोन रकाने पाडतो, सामन्याचा आणि सरावाचा. सरावाच्या रकान्यात करंटची मर्यादा कोडमध्येच बांधलेली असते, आणि मुलं ती चोरून काढतात हेही मला माहीत आहे.

मिल २०१६ मध्ये नूतनीकरणासाठी बंद झाली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या वर्षांत कॉलनीत जाणं जड जायचं. योगायोग असा की २०१६ लाच रोबोकॉनच्या बँकॉकच्या खेळात एका रोबोटला चालवणारी मोटरच लावायला बंदी होती. दुसऱ्या रोबोटनं वारा घालून किंवा दुसऱ्या कुठल्या तरी मार्गानं, न शिवता त्याला पुढे न्यायचं. त्या वर्षी मुलांना पहिल्यांदा कळलं की बेअरिंगमधलं घर्षण ही खरी गोष्ट आहे. मोटर असते तेव्हा ते तिच्या ताकदीत झाकलं जातं. पुढे २०१९ ला मंगोलियानं तर एका रोबोटची चाकंच काढून घेतली आणि चार पायांवर चालायला लावलं. तेव्हा माझा अर्धा अनुभव बिनकामाचा झाला. टॉर्कचा हिशेब मात्र तसाच राहिला, चाकाच्या त्रिज्येच्या जागी पायाची लांबी आली एवढंच.

आता दृश्य बदललंय. चांगल्या टीम ब्रशवाल्या मोटरा सोडून ब्रशलेसकडे गेल्या. चीनमधून येणारी डीजेआयची एम३५०८ ही मोटर बऱ्याच वर्कशॉपमध्ये दिसते. चोवीस व्होल्ट, आत सुमारे १९ ला १ असा प्लॅनेटरी गिअर, तीन न्यूटन-मीटर टॉर्कला ४६९ आरपीएम, आणि हा आकडा खरंच एकाच वेळी मिळणारा. वेग, करंट, तापमान सगळं ती स्वतःच कळवते. मुलं खूश, आणि मीही तिच्या विरोधात नाही. पण गिअर आतच शिवलेला असल्यामुळे त्याबद्दल कुणी विचारच करत नाही. यंदाच्या टीमनं सहा इंची चाकं मागवली, कारण मोटरसोबतच्या फोटोत तेवढीच होती. मी कागद पुढे सरकवला. ४६९ आरपीएम, दीडशे मिलिमीटरच्या चाकाला सेकंदाला ३.७ मीटर, शंभरच्या चाकाला अडीचच्या जरा खाली. जमिनीवरचा जोर मात्र छोट्या चाकाला दीडपट. यंदा सलग धाव जास्तीत जास्त किती, असं विचारलं. त्यांनी नकाशा उघडला, पट्टी लावली, आपसांत वाद घातला. सहा इंची परत पाठवायची मुदत संपली होती, म्हणून ती कपाटात गेली, आणि शंभरची चाकं कुणाकडून उसनी मिळतील याचे फोन सुरू झाले.